भावाचं वाकडं बोट

फ्लेक्स मी स्वतः नांदुऱ्याहून आणला. मंडळाची पोरं म्हणत होती, आबा, आम्ही मोटरसायकलवर आणतो. पण माझ्या भावाचा फ्लेक्स, तो मी दुसऱ्याच्या हातानं कशाला आणू? एसटीत गुंडाळी उभी राहीना म्हणून मांडीवर आडवी धरली. तिचं टोक शेजारच्या बाईच्या खांद्याला टोचत होतं.

"काय हो बाबा, कोनाचा वाढदिवस?" ती म्हणाली.

"वाढदिवस नाही, बाई. सत्कार आहे. माझा भाऊ लढाईत होता. हाताले गोळी लागली त्याच्या."

"बाप्पा!" म्हणत ती सरकून बसली. गुंडाळीला जागा झाली.

ही गोष्ट सांगितली की लोक सरकतात, मला जागा होते, हे मला पन्नास वर्षांपासून माहीत होतं. त्या दिवशी शेवटची जागा मिळाली.

मी चौथी शिकलो. चौथीत दोनदा बसलो, म्हणून काही लोक मला पाचवी समजतात आणि मी त्यांना तसं समजू देतो. भाऊ माझ्याहून मोठा आणि डोक्यानं हुशार. घरातून एकालाच पुढं शिकवणं जमत होतं. बापानं त्याला अमरावतीच्या कॉलेजात घातलं आणि मला बैलांमागं. लोकांना खरं वाटत नाही, पण मला याचा राग कधीच आला नाही. एक भाऊ वावरात, एक भाऊ पेपरात. पेपरात म्हणजे खरंच पेपरात, कारण तो विद्यापीठाच्या क्रिकेट टीममध्ये गेला आणि टीमच्या फोटोत मागच्या रांगेत उभा राहिला. तो कागद मी इतका मिरवला की घडीवर फाटला.

एकदा त्याची मॅच पाहायला अमरावतीला गेलो. गावातले दोन दोस्त सोबत नेले, भाकरी-ठेचा बांधून. भाऊ सुरुवातीलाच खेळायला उतरला. आम्ही वाट पाहत बसलो की आता हाणतो, मग हाणतो. तो बॅट उचलायचा आणि बॉल बाजूनं जाऊ द्यायचा. पुन्हा बॅट उचलायचा, पुन्हा जाऊ द्यायचा.

"तुझ्या भावाच्या बॅटले काय वाळवी लागली काय बे?" एक दोस्त म्हणाला.

मी उठून दूर एका झाडाखाली जाऊन बसलो. संध्याकाळी भावाला म्हटलं, "हाणत काऊन नव्हता? मले लाज आनली."

तो म्हणाला, "लहान्या, पहिल्या तासात बॉल सोडनं हेच माझं काम असते. मी सोडतो म्हनून मागचे हाणतात."

मला ते काही कळलं नाही. गावात येऊन मी सांगितलं, चांगला खेळला.

बीए झाल्यावर तो फौजेत गेला. खेळाडू म्हणून त्याला लवकर घेतलं. मग बांगलादेशची लढाई लागली. सरपंचांच्या ओट्यावर रेडिओ होता, तिथं सारं गाव जमायचं आणि मला पुढं बसवायचं. लढाई संपल्यावर तो सुट्टीवर आला तेव्हा नांदुऱ्याच्या स्टेशनावर मी बैलबंडी घेऊन गेलो होतो. त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मधल्या पेरातून वाकडं झालेलं होतं. मायनं ते हातात धरलं.

"काय झालं रे बापू?"

"लागलं," तो म्हणाला.

दारात गर्दी होती. गर्दीतून कोणी तरी विचारलं, "गोळी काय?" भाऊ काही न बोलता आत गेला. मग मीच म्हटलं, "हाव, गोळी."

मी खोटं बोललो नव्हतो. लढाईवरून आलेल्या माणसाला लागलं म्हणजे गोळीच लागली असणार, दुसरं काय लागेल? पण ती गोळी माझ्या तोंडात वाढत गेली हे खरं. पहिल्या वर्षी ती नुसती लागली. पुढं ती अंधारात लागली. मग मध्ये एक नदी आली, आणि नदीपलीकडचा दुश्मन दर उन्हाळ्यात एकेकानं वाढला.

माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पिंपळगाव राजा या गावी, व्याह्यांच्या घरी ठरलं. मंडपात व्याह्यांची सारी माणसं बसलेली. मी भावाचं मनगट धरलं आणि हात वर केला. म्हटलं, "पाहा पाव्हणे, कोनत्या घरात सोयरीक करून राह्यले ते पाहा." व्याह्यानं उठून त्या हाताला नमस्कार केला. भाऊ खाली सतरंजीकडं पाहत राहिला. मला वाटलं, काय हा मोठेपणा!

त्यानंतर त्याचं गावाला येणं कमी कमी होत गेलं. फौज सोडून तो नागपुरात बँकेत लागला होता. लग्नाला यायचा तो अक्षता पडायच्या वेळेला, आणि पंगत बसायच्या आत निघून जायचा. शाळेनं झेंड्याला बोलावलं की त्याला नेमका ताप यायचा. मी त्याला तोंडावर म्हटलं होतं, "तुले शहराचं वारं लागलं. आता गाव घाण वाटून राह्यलं." तो यावरही बोलला नाही. पुढं मीही बोलावणं सोडलं. मी बोलावणं सोडलं की सोडलं, असा माझा स्वभाव. त्यात बरीच वर्षं गेली.

मागच्या वर्षी वहिनी वारली. त्याची पोरं लांब, आपापल्या ठिकाणी. एक दिवस तो एक सुटकेस घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "लहान्या, एक खाट मिळन काय?" मी समोरची खोली रिकामी करून दिली. रोज सकाळी आम्ही दोघं ओट्यावर चहा घेऊन बसायचो. दोघांनाही नीट ऐकू येत नाही, त्यामुळं भांडण होत नव्हतं. म्हातारपणी मला भाऊ परत मिळाला होता.

हिवाळ्यात कपाशी निघाली की आमच्याकडं टेनिस बॉलच्या टुर्नामेंट भरतात. उद्घाटन ठरलेलं असतं. पाहुण्याच्या हातात बॅट देतात, एखादा पोट्टा हळूच बॉल टाकतो, पाहुणा बॅट फिरवतो. लागला तर टाळ्या. नाही लागला तर दुसरा टाकतात, लागेपर्यंत टाकतात. आमच्याकडं पाहुणा कधी आउट होत नाही. यंदा पोरं घरी आली आणि म्हणाली, मोठ्या आबांच्या हातून उद्घाटन करू. भाऊ आंघोळीला गेला होता. मीच हो म्हटलं, आणि फ्लेक्सही मीच ठरवला.

नांदुऱ्याच्या दुकानदाराला मी पेन्शनच्या कामाचा छोटा फोटो दिला. त्यानं भावाचं डोकं कोणा एका जवानाच्या धडावर बसवलं. मागं रणगाडा, वर हेलिकॉप्टर, आणि क्रिकेटचा कार्यक्रम म्हणून कोपऱ्यात बॅट-बॉल. घरी येऊन मी तो अंगणात खाटेवर पसरला आणि भावाला हाक मारली.

त्यानं चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"हा कोन होय?"

"तू."

"मी रणगाड्यात बसलो नाही कधी."

"फ्लेक्सवर चालते तेवढं."

त्यानं वाकून चित्रातल्या बंदुकीवर हात ठेवला. "याचं बोट तं सरळ आहे."

मी हसलो. "त्याले सांगतलं होतं म्या, गोळीचं बोट वाकडं दाखव म्हनून. इसरला लेकाचा."

"गोळी लागली नाही मले," भाऊ म्हणाला.

माझी बायको तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

भाऊ फ्लेक्सच्या कडेला खाटेवर टेकला आणि चित्राकडं पाहतच बोलला. "सकाळी सांगतलं की आमची कंपनी पुढं लढाईवर जानार. दुपारी मॅच होती, आधीपासून ठरलेली. साहेब म्हणे, खेळून घ्या. मी स्लिपमध्ये उभा होतो, बॅट्समनच्या मागं, बाजूले. कॅच आला. सोपा. असा कॅच मी डोळे मिटून घेतला असता. पन हात निघालाच नाही, अन् निघाला तवा हे एकटं बोट पुढं होतं."

"मंग?"

"मंग मोडलं. बंदुकीचा घोडा ओढाचं बोट होय हे. डॉक्टरनं मागं ठेवलं. कंपनी गेली, मी स्टोअरमध्ये. ब्लँकेट मोजाचं काम."

"चुकून मोडलं ना पन?" मी विचारलं.

"तेच समजत नाही बे. तो बॉल मी रोज पाहतो. कधी वाटते चुकलो. कधी वाटते, मीच बोट पुढं केलं."

त्यानं फ्लेक्सची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाला, "स्टोअरमध्ये आधी जो पोरगा होता ना, त्याले माझ्या जागी पाठवलं. तो काही आला नाही. त्याचं ब्लँकेट आलं. म्याच जमा करून घेतलं."

इथं एखाद्या शहाण्या माणसानं भावाच्या पाठीवर हात ठेवला असता. मी काय केलं ते लिहितो. मी ओरडलो. "मंग आजवर बोलला काऊन नाही? पन्नास वर्षं मले गावात भोंगा वाजवू देला!"

"तू विचारलं कुठं?" तो म्हणाला. "तू सांगत होता."

उत्तर नसलं की मी जास्तच बोलतो. मी म्हटलं, "आता ते जाऊ दे. या वयात कोन विचारते? फ्लेक्स आला आहे. गावात सांगून झालं आहे. एक बॉल खेळ, शाल घे अन् घरी ये. माझी इज्जत राहू दे."

माझी इज्जत. हाच शब्द वापरला मी. तो पोरगा गेल्याचं नुकतंच ऐकलं होतं, आणि मला माझी इज्जत आठवली.

भावानं चष्मा काढून खिशात ठेवला. "परवा मी जातो नागपूरले," म्हणाला आणि आत गेला.

मी जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. जेवताना तो भिंतीकडं तोंड करून बसायचा आणि मी दाराकडं. शेवटी बायकोनं मला चुलीपाशी गाठलं.

"आता गेले तं भाऊजी परत नाही येनार."

"जाऊ दे. त्याच्या मनानं चालला."

"त्यायच्या मनानं?" ती म्हणाली. "पोरीच्या साक्षगंधाले तुम्ही हात वर केला, तवा त्यायचं तोंड म्या पाह्यलं. तुम्ही पाव्हण्यायकडं पाहत होते. इतके वर्ष ते गावात काऊन येत नव्हते, समजलं नाही अजून?"

समजलं. चुलीसमोर, हातात चहाचा कप असताना समजलं, आणि तो कप मला खाली ठेवता येईना. त्याला शहराचं वारं लागलं नव्हतं. माझ्या तोंडाला भिऊन तो गावाबाहेर राहिला होता. मायच्या तेरवीला तो मागच्या दारानं निघून गेला, आणि तेव्हाही मी दहा माणसांत त्याला नावं ठेवली होती.

उद्घाटनाच्या सकाळी तो सुटकेस घेऊन निघाला. मी उचलतो म्हटलं तर दिली नाही. बसथांबा मैदानाच्या समोरच आहे, मध्ये फक्त डांबरी रस्ता. तो थांब्यावर मैदानाकडं पाठ करून बसला. पोरांनी फ्लेक्स केव्हाच नेऊन टांगला होता. ते मोठं डोकं आणि दुसऱ्याची छाती वाऱ्यानं फुगत होती. माइकवर कॉमेंट्री करणारा पोट्टा सुरू होता: "दुश्मनाची गोळी आपल्या हातावर झेलणारे, आपल्या मातीचे सुपुत्र, थोड्याच वेळात मैदानावर..."

मी मंडपातल्या स्टेजवर चढलो आणि त्याच्या हातातला माइक ओढला.

"बंद कर बे."

माझा आवाज एवढा मोठा आला की मीच दचकलो. समोर सारं गाव. मी म्हटलं, "गोळी लागली नाही. माझ्या भावाले गोळी लागली नाही. क्रिकेटचा बॉल लागला. लढाईच्या टायमाले तो मागं होता, स्टोअरमध्ये ब्लँकेट मोजत होता. त्यानं कधीच म्हटलं नाही गोळी लागली म्हनून. ती गोळी माझी होय. म्या न विचारता सांगतली."

कॉमेंट्रीवाल्यानं दुसरा माइक उचलला. "मित्रहो, याला म्हणतात नम्रता! एकदा जोरदार टाळ्या!"

आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या काऊन वाजवून राह्यले बे गधेहो?" मी ओरडलो. "म्या खोटं सांगतलं म्हणतो ना! नदी बी नव्हती! अंधार बी नव्हता!"

आता लोक हसायला लागले. माझ्या वयाचा एक जण पुढच्या खुर्चीतून म्हणाला, "मंग आम्ही एवढे वर्ष तुले चहा कायचा पाजला?" हसू आणखी वाढलं. पोरं हसली, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी माइक धरून उभा राहिलो. मला लोक कधी हसले नव्हते. हसायची कोणाची छाती नव्हती. त्या वेळी पाय स्टेजवरून खाली उतरायला निघत होते, मी निघू दिले नाहीत. भाऊ पन्नास वर्षं सतरंजीकडं पाहत बसला होता. मला थोडा वेळ उभं राहायला काय झालं?

ते मुद्दाम की चुकून, आणि त्या पोराचं ब्लँकेट, हे मी माइकवर बोललो नाही. भोंग्यावर सांगायची ती गोष्ट नव्हती. इथं लिहितो ते भावाला विचारून. तो म्हणाला, "लिही, पन वाढवू नको."

तेवढ्यात एसटी आली, थांबली आणि गेली. धूळ खाली बसली तेव्हा भाऊ थांब्यावरच होता. मग तो सुटकेस घेऊन रस्ता ओलांडून आला.

"बस काऊन सोडली?" मी विचारलं.

"तुझ्या भोंग्यात कंडक्टर काय म्हणे ते ऐकूच आलं नाही." हे खरं होतं की नाही, मी विचारलं नाही. त्यानं सुटकेस माझ्या पायाशी ठेवली. "बॅट कोनापाशी आहे?"

त्याला बॅट दिली. ती हलकी, टेनिस बॉलची. त्यानं ती वाकड्या बोटाच्या हातानं धरली आणि जमिनीवर दोनदा टेकवली. बॉल टाकणारा पोट्टा जागेवरूनच हळू टाकायला निघाला. भावानं हात दाखवला. "असा नको. धावत ये."

पोट्टा धावत आला. बॉल जरा बाहेरून होता. भावानं पाय पुढं टाकला, बॅट वर उचलली, मान वाकवली आणि बॉल बाजूनं जाऊ दिला.

कॉमेंट्रीवाल्याला पहिल्यांदाच शब्द सापडेना. "पाहुण्यांनी... चेंडू... सोडलेला आहे." पोट्टा दुसरा बॉल टाकायला परत निघाला, तर भावानं बॅट यष्टिरक्षकाच्या हातात देऊन टाकली.

सरपंच माझ्याकडं वाकले. "लागला नाही काय हो?"

"सोडला," मी म्हटलं. "तो असाच खेळे."

शाल त्यानं घेतली नाही. सुटकेस घेऊन घरी आला आणि समोरच्या खोलीत ठेवली. फ्लेक्स मी उतरवून आणला. बायकोनं तो गुरांच्या कुटारावर, भुशाच्या ढिगावर झाकला, चित्राची बाजू आत करून.

गावात अजून काही लोक गोळीच म्हणतात. काही म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी हाटेलात बसलो की पोरं एकमेकांना डोळे घालतात आणि विचारतात, "आबा, नदी किती खोल होती?" मी चहा पितो. उत्तर देत नाही आणि उठूनही जात नाही.

पुढच्या आठवड्यात मी पिंपळगाव राजाला गेलो, व्याह्यांकडं. ज्या मंडपात हात वर केला होता तो त्यांचाच. त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ पानाला चुना लावत राहिले.

"तुम्ही सांगतलं, बरं केलं," ते म्हणाले. "पन आता आम्ही काय करावं? आम्ही बी सांगून बसलो ना. आमच्या जावयाच्या गावापर्यंत गेली आहे ही गोळी. सून कोन्या घरची आनली म्हनून, तेच सांगत असतो आम्ही."

मुलगी दारात उभी होती. ती माझ्याकडं न पाहता आत गेली. जेवून जा म्हणाले, पण माझ्याच्यानं बसवलं नाही.

घरी आलो तेव्हा भाऊ ओट्यावर होता.

"काय म्हणे व्याही?"

माझ्या तोंडात चांगलंच काही तरी येत होतं. की म्हणे, खरं बोलायले छाती लागते. की म्हणे, तुम्ही दोघं भाऊ लाखात एक. मी ते गिळलं आणि व्याही जसं म्हणाले तसं सांगितलं. मुलगी आत गेली तेही सांगितलं.

भावानं वाकडं बोट कपाच्या कानात अडकवलं आणि चहाचा घोट घेतला.

"मंग तुले अजून लई गावं फिरा लागतीन, लहान्या."

"फिरतो," मी म्हटलं.